अँटीव्हायरल औषधं कशी काम करतात? एचआयव्हीच्या गोळीपासून स्वाईन फ्लूपर्यंत, सोप्या मराठीत

गेल्या पावसाळ्यात वांगणीहून माझ्या मामेभावाचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. वांगणी म्हणजे आमच्या जव्हार तालुक्यातली, बदलापूरच्या पुढची नव्हे. त्याला तीन दिवस ताप होता. "दादा, व्हायरल आहे म्हणाले. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलंय, घेऊ का? आणि फोनमध्ये अँटीव्हायरस टाकतो तसं माणसाला काही नसतं का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: डॉक्टरांना दाखव, स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नकोस. दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला कामाला लावलं. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण व्हायरस म्हणजे शेवटी कोडच, आणि अँटीव्हायरल औषध म्हणजे त्या कोडची कॉपी होऊ न देण्याची युक्ती. तेव्हा हा विषय आपल्या साइटवर यायलाच हवा होता. या लेखात ही औषधं नेमकी कुठे काम करतात, एचआयव्हीच्या एका गोळीत तीन औषधं का असतात आणि गोळी चुकली की काय बिघडतं, ते पाहू.

घाईत असाल तर एवढं वाचा

- अँटीव्हायरल औषधं बहुतेक वेळा व्हायरसला "मारत" नाहीत. ती त्याच्या नव्या कॉपी तयार होणं थांबवतात. उरलेली साफसफाई आपली प्रतिकारशक्ती करते.
- अँटिबायोटिक हे जिवाणूंवरचं औषध आहे. व्हायरसवर त्याचा उपयोग नाही.
- एचआयव्हीवरच्या औषधांना अँटिरेट्रोव्हायरल म्हणतात. सरकारी एआरटी केंद्रात ती मोफत मिळतात आणि रोज, न चुकता घ्यावी लागतात.
- फ्लू आणि नागीण यांची औषधं पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केली तरच खरा फायदा होतो.
- डेंग्यू, चिकुनगुन्या, गोवर यांवर आजही ठरावीक अँटीव्हायरल औषध नाही.

व्हायरस म्हणजे नक्की काय?

एक एपीके फाईल डोळ्यांसमोर आणा. ती पेन ड्राइव्हवर पडून असेल तर काहीच करत नाही. तिला चालायला फोन लागतो: प्रोसेसर, मेमरी, बॅटरी. व्हायरस तसाच असतो. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला डीएनए किंवा आरएनए, म्हणजे सूचनांचा कोड. त्याच्याकडे स्वतःचा प्रोसेसर नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या हजारो कॉपी काढून घेतो.

जिवाणू वेगळे. जिवाणू म्हणजे पूर्ण फोन आहे. त्याला स्वतःची भिंत आहे, प्रथिनं बनवायचा स्वतःचा कारखाना आहे. पेनिसिलिन त्याची भिंत बांधू देत नाही. ॲझिथ्रोमायसिन त्याच्या कारखान्यात अडथळा आणतं. व्हायरसला ना भिंत, ना कारखाना. मग अँटिबायोटिक जाऊन धरणार कशाला? उलट विनाकारण घेतलेल्या गोळ्यांमुळे शरीरातले जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा ते चालत नाही.

अँटीव्हायरल औषध बनवणं अवघड का, तेही यातच आलं. व्हायरस आपलीच पेशी वापरतो. पेशी बंद पाडली तर व्हायरस थांबेल, पण माणूसही आजारी पडेल. म्हणून शास्त्रज्ञांना असा भाग शोधावा लागतो, जो फक्त व्हायरसचा आहे, आपला नाही. पहिलं मान्यताप्राप्त अँटीव्हायरल औषध, आयडॉक्सयुरिडिन, १९६३ साली आलं. पेनिसिलिनच्या वापराला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती.

व्हायरस कुठे कुठे अडवता येतो?

पेशीत शिरण्यापासून बाहेर पडण्यापर्यंत व्हायरसला ठरावीक पायऱ्या चढाव्या लागतात. प्रत्येक पायरीवर एकेक प्रकारचं औषध उभं आहे.

१. दार उघडणे: पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक कडीला व्हायरस चिकटतो. एचआयव्हीसाठी अशी एक कडी आहे सीसीआर५. मॅराव्हिरॉक हे औषध त्या कडीवर जाऊन बसतं.

२. कोडची कॉपी काढणे: ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन, असायक्लोव्हिर, सोफोसबुव्हिर, रेमडेसिव्हिर ही सगळी औषधं इथे काम करतात.

३. आपल्या डीएनएमध्ये कोड घुसवणे: एचआयव्हीसारखे व्हायरस हे करतात. डोल्युटेग्राव्हिर इथे अडवतं.

४. सुटे भाग कापून जोडणे: व्हायरसची काही प्रथिनं आधी एका लांब पट्टीत तयार होतात. मग प्रोटिएज नावाची कात्री ती कापते. कात्री जाम केली की भाग जुळत नाहीत. एचआयव्हीवरची ॲटाझानाव्हिर, दारुनाव्हिर ही औषधं कात्री जाम करणारी.

५. बाहेर पडणे: तयार झालेला फ्लूचा व्हायरस पेशीला चिकटून राहतो. तो सुटण्यासाठी न्युरामिनिडेज हे विकर लागतं. ओसेल्टामिव्हिर, म्हणजे टॅमीफ्लू, या विकराला रोखतं.

विकर म्हणजे एन्झाइम, पेशीतलं एखादं ठरावीक काम करणारं प्रथिन. हा शब्द लेखात पुढेही येईल.

एचआयव्हीला "रेट्रो" का म्हणतात?

आपल्या पेशीत माहिती एका दिशेने वाहते. डीएनएवरून आरएनए, आरएनएवरून प्रथिन. एचआयव्ही उलटा चालतो. त्याचा कोड आरएनएमध्ये असतो, साधारण ९,७०० अक्षरांचा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर त्या आरएनएवरून डीएनए तयार करतं. उलटा प्रवास, म्हणून "रेट्रो".

यानंतरची पायरी मला सगळ्यांत धूर्त वाटते. इंटिग्रेज नावाचं दुसरं विकर हा नवा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्येच चिकटवून टाकतं. फोनच्या भाषेत, मालवेअर डाउनलोड फोल्डरमध्ये न राहता थेट सिस्टिम पार्टिशनमध्ये जाऊन बसतं. फोनला फॅक्टरी रीसेट करता येतं, शरीराला ती सोय नाही. काही पेशी अशा कोडसकट वर्षानुवर्षं झोपून राहतात. औषध फक्त चालू असलेली कॉपी थांबवतं, झोपलेल्या पेशीतला कोड त्याला दिसत नाही. म्हणूनच एचआयव्हीची औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात.

शिवाय एचआयव्ही ज्या पेशींत शिरतो त्या सीडी४ पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीचे मुकादम. तेच कमी झाले की टीबीसारखे आजार शिरकाव करतात.

टीएलडी: एका गोळीतली तीन औषधं

२०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात बहुतेक प्रौढ रुग्णांना टीएलडी नावाची एकच गोळी दिवसातून एकदा दिली जाते.

- टी म्हणजे टेनोफोव्हिर, एल म्हणजे लॅमिव्युडिन. ही दोन्ही नकली अक्षरं आहेत. डीएनएची साखळी एकेक अक्षर जोडत वाढते. प्रत्येक अक्षराला पुढचं अक्षर अडकवायला एक हूक असतो. या नकली अक्षरांना तो हूकच नाही. विकराने खरं समजून नकली अक्षर जोडलं की साखळी तिथेच संपली.
- डी म्हणजे डोल्युटेग्राव्हिर. इंटिग्रेजच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन आयन असतात. डोल्युटेग्राव्हिर त्यांनाच पकडून ठेवतं. मग चिकटवण्याचं काम होत नाही.

नकली अक्षर आपल्या स्वतःच्या डीएनएमध्ये का शिरत नाही? आपली डीएनए कॉपी करणारी विकरं जास्त चोखंदळ आहेत. ती चूक तपासतात आणि दुरुस्त करतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजमध्ये ही तपासणीच नाही. व्हायरसचा हा निष्काळजीपणा आपल्या कामी येतो. पण तोच निष्काळजीपणा त्याचं सगळ्यांत मोठं हत्यारही आहे. ते कसं, ते पुढे.

एक औषध का पुरत नाही? थोडं गणित

एचआयव्हीवरचं पहिलं औषध झिडोव्युडिन, म्हणजे एझेडटी. मार्च १९८७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लोकांना खूप आशा वाटली. पण एकट्या एझेडटीचा फायदा काही महिन्यांत ओसरू लागला. कारण गणितात आहे.

उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात एचआयव्हीचे रोज साधारण १,००० कोटी नवे कण तयार होतात. कॉपी काढताना साधारण दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. सोयीसाठी धरू, की एका ठरावीक जागी ठरावीक चूक होण्याची शक्यता एक लाखात एक आहे आणि एका चुकीने एक औषध निकामी होतं. लॅमिव्युडिनच्या बाबतीत हे खरंच तसं आहे, एका जागचा बदल पुरतो.

- एक औषध: १,००० कोटी भागिले १ लाख. म्हणजे त्या औषधाला दाद न देणारे १ लाख कण रोज तयार.
- दोन औषधं: दोन्ही चुका एकाच कणात यायला हव्यात. शक्यता १,००० कोटीत एक. म्हणजे रोज एखादा कण.
- तीन औषधं: असा एक कण तयार व्हायला साधारण १ लाख दिवस लागतील. म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे वर्षं!

हे कच्चं गणित आहे. प्रत्यक्षात काही औषधांना एकापेक्षा जास्त बदल लागतात आणि औषध चालू असताना कॉपी मुळात फार कमी होतात. पण तीन औषधांचं तत्त्व हेच. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आणि ज्या देशांत तो मिळत होता, तिथे एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या फोनच्या लॉगिनला पासवर्ड, ओटीपी आणि बोटाचा ठसा एकदम लावावा, तसंच हे.

दहा हजार डॉलरवरून मोफत: मुंबईचा वाटा

औषध सापडलं, पण ते मिळणार कुणाला? २००० च्या आसपास तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले होते. १९९२ मध्ये नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, सुरू झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. पण औषधाचा खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच होता.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी "सीमारहित डॉक्टर्स" या संस्थेला तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. दिवसाला एका डॉलरहूनही कमी! हे शक्य झालं ते १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. त्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होतं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक होती. रेणूवरचं पेटंट भारतात १ जानेवारी २००५ पासून सुरू झालं.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. वेगवेगळ्या कंपन्यांची पेटंटं असलेली औषधं सिप्लाने एकाच गोळीत घातली. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी, बस्स. मूठभर गोळ्यांचं वेळापत्रक सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

१ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने महाराष्ट्रासह जास्त प्रादुर्भाव असलेल्या सहा राज्यांत आणि दिल्लीत मोफत एआरटी सुरू केली. मुंबईचं जे. जे. रुग्णालय सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक. आधी सीडी४ पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्यावरच औषध मिळायचं. २०१७ पासून चाचणी पॉझिटिव्ह आली की सीडी४ कितीही असो, उपचार सुरू करायचे, असं धोरण झालं.

गोळी चुकली की काय होतं?

या लेखात एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

एआरटीत ९५ टक्क्यांहून जास्त गोळ्या वेळेवर घेतल्या जाव्यात, असं धरतात. महिन्याच्या ३० पैकी एक चुकली तर आकडा ९६.७ टक्के. दोन चुकल्या की ९३.३. म्हणजे महिन्यात दोन दिवसांचा खाडा झाला तरी आपण रेषेच्या खाली.

रक्तातलं औषध उतरलं की झोपलेला कोड जागा होतो आणि कॉपी पुन्हा सुरू होते. औषध पूर्ण नसणं वाईट, पण अर्धवट असणं जास्त धोक्याचं. थोडं औषध उरलेलं असतं तेव्हा साधे कण अडतात आणि चुकून बदललेले कण वाढतात. पूर्वीच्या गोळ्यांमध्ये नेव्हिरापिन किंवा इफाविरेन्झ असायचं. ते बाकी दोन औषधांपेक्षा रक्तात जास्त काळ रेंगाळायचं. गोळी बंद पडली की काही दिवस ते एकटंच उरायचं. वरच्या गणितातलं "एक औषध" आठवा. डोल्युटेग्राव्हिरचा मोठा फायदा हाच, की त्याला चकवणं व्हायरसला जास्त अवघड जातं. अवघड, अशक्य नाही.

आता आमच्या भागाकडे या. जव्हार-मोखाड्यात भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की घरंच्या घरं कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी, ठाणे, वसई, वीटभट्टी, बांधकाम, मिळेल तिथे. परततात ते पावसाच्या तोंडावर. समजा त्यातल्या कुणाची रोजची गोळी चालू आहे. औषधाची नोंद एका केंद्रात, माणूस दुसऱ्या तालुक्यात. भट्टीवर हजेरीचे पैसे कापले जातील म्हणून सुट्टी मागता येत नाही. एकाच झोपडीत चार माणसं, गोळीची बाटली लपवायची कुठे? अशा वेळी गोळी "विसरली" जात नाही, ती सुटते. या माणसाला निष्काळजी म्हणणं मला पटत नाही.

यावर व्यवस्थेत काही सोयी आहेत, पण त्या माहीत असल्या तर उपयोगी:

- ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे. बाहेरगावी निघण्याआधी केंद्रात तसं सांगायचं.
- जास्त दिवसांसाठी जाणार असाल तर नोंद दुसऱ्या एआरटी केंद्राकडे बदलून घेता येते. मध्येच अडचण आली तर उपचाराचं कार्ड दाखवून जवळच्या केंद्रात मदत मागता येते. कार्डचा फोटो फोनमध्ये ठेवा, पण लॉक लावलेल्या फोल्डरमध्ये.
- १०९७ हा नॅकोचा टोल फ्री नंबर आहे. जवळचं केंद्र कुठे, ते तिथे विचारता येतं.
- फोनमध्ये रोजच्या एकाच वेळेचा अलार्म लावा. अलार्मला "पाणी पी" असं काहीही नाव द्या. कुणाला कळणार नाही.

गोळी नियमित घेतली तर काय मिळतं? रक्तातला व्हायरस इतका कमी होतो, की चाचणीत सापडतच नाही. दर मिलिलिटरमागे २०० कॉपींपेक्षा कमी, अशी स्थिती टिकली तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही. जोडप्यांवरच्या मोठ्या अभ्यासांतून हे सिद्ध झालं आहे. गरोदर बाईने उपचार घेतले नाहीत तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला आणि बाळाला औषध मिळालं तर ती ५ टक्क्यांखाली आणता येते.

बाकीच्या आजारांवरची औषधं

*नागीण आणि कांजिण्या.* दोन्ही एकाच व्हायरसमुळे होतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर व्हायरस मज्जातंतूंत लपतो आणि कधीतरी नागीण म्हणून वर येतो. "नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस वाचत नाही" हे तुम्हीही ऐकलं असेल. हे खरं नाही. पुरळ सहसा शरीराच्या एकाच बाजूला, एका मज्जातंतूच्या पट्ट्यात येतं. यावर असायक्लोव्हिर आहे. ते पेशीत आधी निष्क्रिय असतं. व्हायरसचं स्वतःचं एक विकर त्याला चालू करतं. म्हणजे ज्या पेशीत चोर आहे तिथेच अलार्म वाजतो. या औषधामागच्या संशोधक गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. पुरळ आल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालं तर फायदा जास्त. हे तास अंगारा-धुपाऱ्यात घालवू नका.

*स्वाईन फ्लू.* ३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाईन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्यानंतर मास्क आणि टॅमीफ्लू हे शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोचले. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांत घेतलं तर सगळ्यांत जास्त उपयोगी. नंतर पेशींतून इतके कण सुटलेले असतात, की दार बंद करून फारसं काही हाती लागत नाही. गंभीर रुग्णाला मात्र डॉक्टर उशिरानेही ते देतात.

*हिपॅटायटीस सी.* हा व्हायरस आपल्या डीएनएमध्ये शिरत नाही, म्हणून तो औषधाने पूर्ण बरा होतो. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर, बहुतेकांना १२ आठवडे, आणि ९५ टक्क्यांच्या आसपास रुग्ण बरे. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार आपल्याकडे मोफत मिळतात.

*कोविड.* एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिरसाठी लागलेल्या रांगा आठवत असतील. ते कॉपीच्या पायरीवर काम करतं. पण कोविडच्या उशिराच्या टप्प्यात त्रास व्हायरसपेक्षा शरीरातल्या दाहामुळे जास्त होतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला त्याने फारसा फायदा होत नाही, आणि लोक नेमके तेव्हाच ते शोधत होते. नंतर आलेल्या निर्माट्रेल्व्हिरसोबत रिटोनाव्हिर देतात, आणि रिटोनाव्हिर हे मुळात एचआयव्हीवरचं औषध आहे. एका आजाराचं संशोधन दुसऱ्याला असं उपयोगी पडतं.

जिथे गोळी नाही तिथे काय?

वांगणीचं नाव महाराष्ट्राने पहिल्यांदा ऐकलं ते १९९२-९३ मध्ये, वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे. कुपोषणाने शंभराहून जास्त मुलं गेली. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्याकडे अजून कुणी "वावर-वांगणी" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

औषधांच्या लेखात हे का? कारण सुरुवातीला लिहिलं तसं, अँटीव्हायरल फक्त कॉपी थांबवतं. साफसफाई प्रतिकारशक्ती करते, आणि ती उपाशी पोटी काम करत नाही. गोवर हे याचं ठळक उदाहरण. धडधाकट मुलाला तो बहुतेकदा सोडून जातो, कुपोषित मुलाचा जीव घेऊ शकतो. गोवरावर ठरावीक अँटीव्हायरल नाही. आहेत ती लस, अ जीवनसत्त्व आणि पोटभर जेवण. लस ९ ते १२ महिन्यांच्या वयात आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला आणि भिवंडी, मालेगावात गोवराचा उद्रेक झाला होता. भिवंडी म्हणजे आमच्याकडची माणसं मुलाबाळांसकट जिथे कामाला जातात तेच. लसीचं कार्ड सोबत न्या, तिथल्या आरोग्य केंद्रातही डोस मिळतो.

रेबीजचंही तसंच. लक्षणं दिसल्यावर कोणतंही औषध भरवशाचं नाही. कुत्रा चावला की जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोळी घ्यायला विसरलो तर?
आठवली की घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. वारंवार होत असेल तर केंद्रातल्या समुपदेशकांना सांगा.

टीएलडीसोबत कॅल्शियम, लोह किंवा ॲसिडिटीची औषधं चालतात का?
डोल्युटेग्राव्हिर धातूच्या आयनांना पकडतं, हे वर पाहिलं. या औषधांतही असे आयन असतात, त्यामुळे गोळी पोटातच अडकते. वेळेत अंतर ठेवावं लागतं. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिरचा जादा डोस लागतो. चालू असलेलं प्रत्येक औषध डॉक्टरांना सांगा.

संसर्गाची भीती असेल तर लगेच काही करता येतं का?
हो. ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतात. जितकं लवकर तितकं चांगलं. सरकारी रुग्णालयात जा.

चाचणी केली तर गावात कळेल का?
२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणं, परवानगीशिवाय निकाल सांगणं, त्यावरून नोकरीवरून काढणं, हे सगळं त्याविरुद्ध आहे.

यूट्यूबवर "एचआयव्ही मुळापासून बरा" अशा जाहिराती येतात. खरं आहे का?
नाही. असा काढा किंवा चूर्ण नाही. त्यापायी चालू गोळी सोडणं सगळ्यांत धोक्याचं.

रोजच्या गोळीला पर्याय येतोय का?
लेनाकापाव्हिर हे औषध व्हायरसच्या कवचावर काम करतं आणि वर्षातून दोनदाच इंजेक्शन घ्यावं लागतं. संसर्ग टाळण्यासाठी अमेरिकेत त्याला जून २०२५ मध्ये मान्यता मिळाली. त्याचं स्वस्त रूप बनवण्याचा परवाना मिळालेल्या कंपन्यांत पुण्याची एमक्योर आहे. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन, हे भट्टीवर जाणाऱ्या माणसासाठी काय असेल, विचार करा.

शेवटी

मामेभावाचा ताप पाच दिवसांत उतरला. आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, डेंग्यू-मलेरिया काही निघालं नाही. अँटिबायोटिकची पट्टी तशीच पडून राहिली. त्याच्या दुसऱ्या प्रश्नाला मी हे उत्तर पाठवलं: "असतं. पण फोनसारखं एकदा टाकून विसरायचं नसतं. वेळेवर सुरू करायचं आणि सांगितलं तेवढे दिवस घ्यायचं."

मित्रांनो, हा लेख माहितीसाठी आहे, औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कुणी कामासाठी बाहेरगावी जाणार असेल, तर दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांचा आणि १०९७ चा भाग त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा. कोण गोळी घेतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि ते विचारायचंही नसतं. सगळ्यांना पाठवा, म्हणजे ज्याला हवं त्याला मिळेल.